दिवाळीनंतरचं गणित

कुंडलिक आपल्या दोन्ही पोरांना घेऊन जिना चढून आला तेव्हा निर्मला फळा पुसत होती. मंचरला हायवेपासून जरा आत, खता-बियाण्याच्या दुकानावरची ही खोली तिनं शिकवणीसाठी भाड्यानं घेतली होती. खाली कांद्याचे ट्रक मागं-पुढं व्हायला लागले की बोलणं थांबवून उभं राहावं लागायचं, आणि तेवढ्या वेळात पोरं एकमेकांना चिमटे काढून घ्यायची. कुंडलिकनं चपला दाराबाहेर काढल्या, एकुलत्या एका पंख्याकडं बघितलं आणि म्हणाला, "ही हर्षाली, नववीला. हा स्वराज, सातवीला. दोघांचं गणित तुमच्याकडं. एकाच टायमाला बसवा, म्हंजे एका गाडीवर सोडता येतील."

"बसतील एका वेळी, पण दोघांना एकच शिकवता नाही यायचं," निर्मला म्हणाली. "आधी मला त्यांच्याशी बोलू द्या. कोण कुठवर आलंय ते बघते."

"हर्षाली नववीला हाय," कुंडलिक पुन्हा म्हणाला. बाईंना पहिल्यांदा नीट ऐकू आलं नसावं, असं त्याला वाटलं.

घोड नदीच्या काठाला त्याची वडिलोपार्जित बागाईत जमीन होती. कांदा-बटाटा करायचा, मार्केट यार्डात शिरला की चार माणसं उठून रामराम घालायची. एक गोष्ट दोनदा सांगायची त्याला सवय नव्हती. पण निर्मलाही काही कमी हट्टी नव्हती, आणि या एका बाबतीत तिच्या हट्टाला कारण होतं.

तिचा बाप जानकू मेंढरं राखायचा. जुन्नरच्या बाजूला डोंगराच्या पोटाला त्यांचं गाव. दिवाळी झाली की कळपाबरोबर सगळं घरच घाट उतरून कोकणात जायचं, ते पावसाळ्याच्या तोंडावर वर यायचं. त्यामुळं निर्मलाची शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि दिवाळीला संपायची, दरसाल. तिच्या गणिताच्या पुस्तकाची पुढची पानं हाताळून मऊ पडलेली असायची आणि मागची कोरीकरकरीत. बेरीज, वजाबाकी, पाढे तिला तोंडपाठ. भागाकार आणि अपूर्णांक दिवाळीनंतर शिकवायचे, ते तिनं कधी बघितलेच नाहीत. गुरुजींनी तिला ढ ठरवून मागच्या रांगेत बसवलं, आणि आपण ढ आहोत हे तिनंही मुकाट्यानं मान्य करून टाकलं.

पाचवीला आजीनं, तानूबाईनं, घरात भांडून तिला वसतिगृहात ठेवली. तिथं ती सहावीला गणितात आपटली आणि पुन्हा त्याच वर्गात बसली. वसतिगृहाच्या रेक्टरबाईंची मुलगी तिसरीला होती. तिचा अभ्यास घ्यायचं काम निर्मलाच्या गळ्यात पडलं. त्या चिमुरडीला भागाकार समजावता समजावता तो निर्मलाला स्वतःलाच उमगला. महिनाभरात सहावीचं गणित तिला सरळ दिसायला लागलं. आनंद वगैरे काही झाला नाही तिला. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढंच होतं? एवढ्यासाठी मला इतकी वर्षं मागं बसवलं? आणि एकानंही कसं विचारलं नाही, की पोरी, तुला कुठवर येतंय?

पुढं ती गणित घेऊन बीएस्सी झाली, बीएड झाली, शिक्षक भरतीची वाट बघत एका खाजगी शाळेत लागली. तिथं तिनं आठवीच्या काही पोरांना वेगळं बसवून मागचं शिकवायला घेतलं, तर हेडमास्तरांनी बोलावून सांगितलं, "बाई, आठवीच्या वर्गात आठवीचं शिकवायचं. पोर्शन राहिला तर उत्तर मला द्यावं लागतं." तिनं ती नोकरी सोडली आणि ही खोली घेतली. थोडीच पोरं घ्यायची, प्रत्येकाला त्याच्या जागेवरून पुढं न्यायचं, असं तिनं ठरवलं होतं. ठरवायला काय जातं!

पहिल्याच दिवशी तिनं हर्षालीला बेरीज घातली. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. हर्षालीचं अक्षर मोत्यासारखं. तिनं झरझर लिहिलं, दोन पंचमांश.

निर्मलानं कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या घेतल्या. एकीचा अर्धा भाग रंगवला, दुसरीचे पाच भाग करून दोन रंगवले आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. "कुठली जास्त रंगलीय?"

"अर्ध्याची."

"मग अर्ध्यात आपण आणखी काहीतरी मिळवलं, आणि उत्तर अर्ध्याहूनही कमी आलं. असं कसं झालं?"

हर्षाली पट्ट्यांकडं बघत राहिली. मग निर्मलाचीच समजूत घालावी तशा सुरात म्हणाली, "मॅडम, गणितात असं होत असेल."

पलीकडच्या बाकावरून स्वराज ओरडला, "ताई, पाच षष्ठांश येतं! एवढं पण येत नाय!"

हर्षालीनं वही मिटली.

त्या दिवशी निर्मलाला दोन गोष्टी कळल्या. हर्षाली नववीपर्यंत आली होती ती निव्वळ पाठांतरावर. बीजगणिताच्या पायऱ्या ती कवितेसारख्या म्हणायची. गणित म्हणजे कुठलीही वेडीवाकडी गोष्ट घडू शकेल असा मुलूख, तिथं प्रश्न विचारायचे नसतात, अशी तिची पक्की खात्री झाली होती. आणि स्वराज, दोन वर्षांनी लहान असून, तिच्या कितीतरी पुढं धावत होता आणि ते तिला रोज ऐकवत होता.

निर्मलानं दोघांच्या वेळा वेगळ्या केल्या. कुंडलिकला दोन खेपा पडायला लागल्या, त्यानं कुरकुर केली, पण पाठवलं. हर्षालीसाठी निर्मलानं चौथीचं पुस्तक काढलं. घरच्या ओळखीच्या गोष्टीवरून अपूर्णांक समजेल म्हणून तिनं बटाट्याचं बेणं, लावणीसाठी कापतात ते बटाटे, घेतलं. म्हणाली, एका बटाट्याचे चार तुकडे केले, त्यातला एक तुकडा म्हणजे किती?

"ते सांगता येत नाय मॅडम," हर्षाली म्हणाली. "बेणं सारखं नाय कापत. कोंबाचे डोळे बघून कापतात. एखादा तुकडा मोठा येतो, एखादा बारका."

बरोबरच होतं तिचं. निर्मलानं बटाटा बाजूला ठेवला आणि पुन्हा कागदाच्या पट्ट्या घेतल्या. पट्ट्या घडी घालून, कापून, एकीवर एक ठेवून महिना गेला. आज समजलेलं परवा पुसून जायचं. कधीकधी निर्मलाला वाटायचं, फळ्यावर डोकं आपटावं. तरी पोरगी हळूहळू विचारायला लागली होती. "असं का?" हे तिच्या तोंडून पहिल्यांदा निघालं तेव्हा निर्मलानं घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. तिचा नवरा सयाजी ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला होता. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "का विचारलं एवढ्यावर तू खूश? मार्क पडले का?"

स्वराजचं उलट. त्याला सातवीचं गणित दिलं की तो ते संपवून खिडकीतून ट्रक मोजत बसायचा. निर्मलानं त्याला एक कोडं घातलं: लागोपाठचे आकडे मिळवून कोणते आकडे तयार होतात? एक आणि दोन मिळून तीन, दोन-तीन-चार मिळून नऊ, तसे. सगळे होतात का? पोरगं आठवडाभर त्याच्या मागं लागलं. एका संध्याकाळी दोन-दोन पायऱ्या चढत आलं आणि दारातूनच म्हणालं, "मॅडम, दोन होत नाय, चार होत नाय, आठ होत नाय, सोळा होत नाय! दुप्पट दुप्पटवाले होतच नाय!" धापा टाकत होता. निर्मलाला वाटलं, या एका संध्याकाळसाठी खोलीचं भाडं भरलेलं वसूल झालं.

मग सहामाही झाली. हर्षालीला पूर्वी पाठांतरावर काठावरचे मार्क पडायचे. आता ती प्रत्येक पायरीला थांबून "असं का" बघायला लागली होती, त्यात वेळ संपला आणि निम्मा पेपर कोरा राहिला. नापास. स्वराजनं उत्तरं सगळी बरोबर लिहिली, पण मधल्या पायऱ्या गाळल्या. त्याचेही मार्क कापले गेले, वर्गातला नंबर घसरला.

कुंडलिकचा फोन आला. सोमवारपासून दोघं नारायणगावच्या एका मोठ्या क्लासला जाणार, क्लासची गाडी गावातून पोरं उचलते, तुमचा हिशोब करून टाका. एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

निर्मलानं स्कूटी काढली आणि तडक त्याच्या घरी गेली. कुंडलिक ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता. त्याची आई साळुबाई खाली बसून लसूण सोलत होती.

"या मॅडम. चहा ठेव गं," कुंडलिकनं आत हाक दिली.

"चहा नको भाऊ. मला एवढंच सांगायचंय की आत्ता थांबवू नका. हर्षालीचं मागचं कच्चं राहिलंय. ते भरून काढतोय आम्ही. मध्येच सोडलं तर केलेलंही वाया जाईल."

"मॅडम, तुमी माणूस लई चांगल्या. पण नववीच्या पोरीला चौथीचं पुस्तक? तुमच्या क्लासातल्या पोरांनी बघितलं. गावात झालं की, कुंडलिकची पोरगी पुन्यांदा चौथीला बसली म्हनून. मी यार्डात तोंड कसं दावायचं?"

"मी स्वतः अशीच मागं राहिले होते," निर्मला म्हणाली. "दिवाळी झाली की आम्ही मेंढरांमागं कोकणात जायचो, त्यामुळं दिवाळीनंतरचं गणित मला कुणी शिकवलंच नव्हतं. ते शिकल्याशिवाय पुढचं काही येत नव्हतं. घराचा खालचा थर भरला नाही तर वर स्लॅब टाकता येतो का?"

"तुमचं येगळं व्हतं. तुमी मेंढरांमागं व्हता," कुंडलिक म्हणाला. टोचून नाही, सहज म्हणाला, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. "माझी पोरगी पहिलीपासून एक दिवस शाळा चुकलेली न्हाई. तिचं कसं काय राहिलं मागं?"

शाळेत रोज बसूनही मागं राहता येतं, हे त्याला कुठल्या शब्दांत सांगावं ते निर्मलाला सुचेना.

"आन् स्वराज?" कुंडलिकनं पुढं धरलं. "उत्तर बरोबर लिहून मार्क जात्यात. मग चूक कुनाची?"

ही चूक तिचीच होती. पोराच्या वेगाचं कौतुक करताना पायऱ्या लिहायची शिस्त लावायची राहून गेली होती. "ती माझी चूक," ती म्हणाली. "ती मी सुधारते. पण त्याला त्या गर्दीत टाकू नका भाऊ. तो पोरगा..."

"अगं बाई," साळुबाईनं लसणाची सुपली बाजूला सारली, "पोरीला तरी इचारा कुनी."

हर्षाली आतल्या दाराशी उभी होती. निर्मलाला वाटलं, आता ती बोलेल. इतके दिवस पट्ट्या घडी घातल्या, ती सांगेल.

"मला नारायणगावलाच जायचंय," हर्षाली म्हणाली. मान खाली. "तिथं खूप जण असतात. कुणाला काय येत नाय ते कुणाला कळत नाय."

कुंडलिकनं हात पसरले. आता यावर आपण काय बोलणार, असे.

परत येताना हायवेवर ट्रकांची रांग लागली होती. धुराळ्यात स्कूटीवर बसून निर्मला कुंडलिकवर चिडली, त्या क्लासवर चिडली, पोरीवर तर फारच चिडली. घरी आल्यावर तिनं सयाजीपुढं सगळं ओकून टाकलं. तो जेवत होता. घास गिळून म्हणाला, "पोरगी काय चुकीचं बोलली? चार पोरांत तिला येगळं पुस्तक, येगळा टाइम. तिला कळनारच ना, आपुन ढ म्हनून."

"मी तिला एकदाही ढ म्हटलेलं नाही!"

"तू कशाला म्हनशील? पुस्तकावरच लिव्हलंय की, इयत्ता चौथी."

निर्मला ताटावरून उठली. त्याचं खरं होतं, म्हणून तिला जास्त राग आला.

नंतरच्या काही महिन्यांत तिनं पुस्तकं बंद केली. प्रत्येक पोरासाठी स्वतःच कागद तयार करायला लागली, त्यावर इयत्ता नाही, धड्याचं नाव नाही, नुसती गणितं. कोण कितवीचं करतंय ते शेजारच्यालाही कळणार नाही. त्याचा नवाच उपद्व्याप झाला. पालक येऊन विचारायचे, हे कितवीचं आहे, कुठल्या धड्यातलं, परीक्षेला येणार का? दोन पोरं त्यापायी गेली. एका आईनं तर तोंडावर सांगितलं, "मॅडम, तुमच्याकडं पोर्शनच दिसत नाय." राहिलेल्या पोरांचे कागद दुपारी करायचे, संध्याकाळी शिकवायचं, आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी कुणाचं काय विसरलं ते बघायचं. काम दुप्पट आणि पोरं निम्मी.

हर्षालीची दहावी सुरू होऊन पहिली चाचणी झाली त्या सुमाराची गोष्ट. मधल्या सुट्टीच्या वेळी जिन्यावर पावलं वाजली. हर्षाली होती, शाळेच्या ड्रेसात, हातात डबा. शाळा तिथून जवळच होती.

"मॅडम, येऊ का?"

निर्मलाच्या मनात आलं, म्हणावं, तुला तर गर्दीच हवी होती ना. तिनं बाकावरचे कागद बाजूला सारले. हर्षाली बाकावर टेकली.

"तिथं सर विचारतात, समजलं का. सगळे हो म्हणतात. मीपण म्हणते." ती डब्याच्या झाकणाशी चाळा करत होती. "चाचणीत तीन मार्क पडले. पप्पांना अजून सांगितलं नाय. तुम्ही शिकवाल का? पण पप्पांना कळता कामा नये. आणि स्वराजला तर बिलकूलच नको."

घरच्यांना चोरून पोरीला शिकवणं निर्मलाला पटत नव्हतं. तिनं साळुबाईला फोन लावला आणि सरळ सांगितलं. म्हातारी पलीकडून म्हणाली, "शिकव बाई. मला ठावं हाय, तेवढं बास. कुंडलिकचं मी बघीन." फीचा विषय निर्मलानं काढला नाही.

मग मधल्या सुट्टीतला अर्धाअधिक वेळ हर्षाली खोलीत काढायला लागली. एका हातानं डबा खायचा, दुसऱ्या हातानं गणित. निर्मलानं अपूर्णांकापासूनच धरलं.

"हे कितवीचं आहे?" पहिल्याच कागदावर हर्षालीनं विचारलं.

"मला माहीत नाही. तुला येतंय का ते बघ."

सोपं काहीच गेलं नाही. पोरीला सगळं गाठायचं होतं आणि वेळ थोडा. निर्मलाला तिला नीट पाया घालून द्यायचा होता, पण बोर्डाची तारीख कुणासाठी थांबत नाही. शेवटी तिला नको होतं तेच करावं लागलं. भूमितीचे दोन धडे तिनं हर्षालीला सोडून द्यायला सांगितले, काही सूत्रं नुसती पाठ करायला लावली. असं सांगताना तिला स्वतःचाच राग यायचा. एकदा वर्गसमीकरणात हर्षालीनं पुन्हा अपूर्णांकाचा छेद छेदात मिळवला, वर्षभरापूर्वी केला होता अगदी तसाच. निर्मलानं खडू खाली टाकला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली.

मागून हर्षालीचा आवाज आला, "मॅडम, थांबा. हे उत्तर फार बारकं आलंय. असं होणार नाय." आणि तिनं ते स्वतः खोडलं.

निर्मला वळली नाही. डोळे पुसून मगच वळली.

बोर्डात हर्षालीला गणितात बावन्न मार्क पडले. कुंडलिक पेढ्यांचा बॉक्स घेऊन गावभर फिरला, आणि मंचरला आला तेव्हा जुनी ओळख म्हणून निर्मलाच्या खोलीवरही चढला. हर्षाली आणि स्वराज बरोबर होते.

"घ्या मॅडम. राग धरू नका. पण बघा, क्लास बदलला आन् पोरगी निघाली. तिथली शिस्तच येगळी."

निर्मलानं हर्षालीकडं बघितलं. हर्षालीनं पटकन नजर खाली घातली, पुन्हा वर केली. तिच्या डोळ्यांत विनंती होती. साळुबाईनं अजून मुलाला काही सांगितलं नव्हतं तर. निर्मलानं पेढा घेतला. "छान झालं," ती म्हणाली. "पुढं काय घेणार?"

"कॉमर्स. गणित असलेलं," हर्षाली म्हणाली.

ते ऐकून निर्मलाला बरं वाटलं. मग ती स्वराजकडं वळली. पोरगा आता नववीला, उंच झालेला, मोबाइलवर अंगठा फिरवत उभा होता.

"स्वराज, नवीन काय शोधलंस?"

"काय शोधायचं मॅडम?" त्यानं मान वर केली नाही. "तिथं सगळ्याचे टाइप असतात. टाइप पाठ केला की झालं. दर रविवारी टेस्ट असते."

"पैला नंबर काढतो!" कुंडलिक म्हणाला.

"माझ्याकडं एक कोडं आहे. तुला आवडेल. एखाद्या रविवारी टेस्ट झाल्यावर ये."

"त्याचे मार्क असतात का?" स्वराजनं विचारलं. खोडसाळपणे नाही, खरंच माहीत करून घ्यायचं म्हणून.

"नाही," निर्मला म्हणाली.

"मग बघतो," तो म्हणाला आणि जिना उतरायला लागला. कुंडलिक त्याच्या मागं, हर्षाली सगळ्यात शेवटी. खाली कुंडलिकनं गाडी चालू केली, दोघं मागं बसली आणि गाडी ट्रकांच्या मधून निघून गेली. पाच वाजत आले होते. संध्याकाळची पोरं यायची वेळ झाली होती आणि तीन कागद अजून करायचे राहिले होते. निर्मलानं पेढा टेबलावर ठेवला आणि पेन शोधायला लागली.